नोंदवहीतला बाप, नोंदीबाहेरची आई

ब्रिटनचे राजपुत्र विल्यम यांच्या मातृवंशात एक भारतीय स्त्री असल्याची बातमी जून २०१३ मध्ये जगभरच्या वृत्तपत्रांनी ठळकपणे छापली. विल्यम यांच्या मातोश्री डायाना यांच्या आईची, आजीची, पणजीची अशी परंपरा शोधत मागे गेले, की एलायझा केवार्क नावाच्या स्त्रीपाशी येऊन थांबावे लागते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ही एलायझा सुरतेत थिओडोर फोर्ब्स या स्कॉटिश व्यापाऱ्याबरोबर राहत होती. फोर्ब्स पुढे मुंबईत आला आणि १८२० मध्ये मायदेशी परतत असताना समुद्रावरच मरण पावला. त्याच्या मृत्युपत्रात एलायझाचा उल्लेख पत्नी म्हणून नाही, घर सांभाळणारी बाई म्हणून आहे. दोघांची मुलगी कॅथरीन लहानपणीच आईपासून तोडून स्कॉटलंडला पाठवली गेली होती. कागदोपत्री एलायझा आर्मेनियन मानली जात असे. डायाना यांच्या मातृवंशातील नातेवाइकांची जनुकीय चाचणी झाली, तेव्हा मात्र भारतीय उपखंडात आढळणारी खूण हाती लागली. ब्रिटनच्या भावी राजाच्या या पूर्वज स्त्रीची ओळख ठरवण्यासाठी दोनशे वर्षांनंतर प्रयोगशाळा गाठावी लागली. फोर्ब्सविषयी मात्र कुणाला असा प्रश्न पडला नाही. त्याचे गाव, त्याची नोकरी, त्याचा मृत्यू, सारे कागदावर होते.

राजघराण्याची ही कथा अपवादात्मक वाटते. वस्तुतः ती हजारो सामान्य कुटुंबांची कथा आहे. कोलकाता, चेन्नई, मुंबई, पुणे, देवळाली, झाशी, जबलपूर येथील अँग्लो-इंडियन घराणी, तेथून ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडा आणि न्यूझीलंडमध्ये स्थलांतरित झालेल्यांची मुले-नातवंडे आणि आपल्या घराण्यात भारतीय रक्त आहे याची कालपरवापर्यंत कल्पनाही नसलेले अनेक गोरे लोक आज आपल्या पूर्वजांचा माग काढत आहेत. त्यांची मुख्य साधने दोन : एक लष्कराची दप्तरे आणि दुसरे अनाथालयांच्या नोंदवह्या. या शोधात पुरुष बहुधा सापडतो आणि स्त्री बहुधा हरवते. काळाच्या ओघात काही कागद गहाळ झाले, एवढेच याचे कारण नाही. ही दप्तरे ज्या हेतूने लिहिली गेली, त्या हेतूतच या विषमतेचे मूळ आहे.

पगारासाठी जन्मलेली दप्तरे

ईस्ट इंडिया कंपनी ही अखेर एक व्यापारी पेढी होती आणि पेढीला हिशेब लागतो. कंपनीच्या गोऱ्या सैनिकाने इंग्लंडहून जहाजात पाय ठेवला, की त्याचे नाव जहाजाच्या यादीत चढे. भारतात उतरल्यावर ते पलटणीच्या वार्षिक हजेरीपटात येई. त्याचा हुद्दा, तो कोणत्या जहाजाने आला, मूळचा कोणत्या परगण्यातला, यंदा जिवंत आहे की मेला, पळाला की निवृत्त झाला, हे सारे त्यात नोंदले जाई. कारण या प्रत्येक गोष्टीशी पगार, भत्ता वा निवृत्तिवेतन निगडित होते. अपंग झालेल्या सैनिकांना आणि सैनिकांच्या विधवांना मदत देण्यासाठी १७७० मध्ये रॉबर्ट क्लाइव्हच्या नावाचा निधी उभा राहिला आणि त्याचीही स्वतंत्र नोंदवही सुरू झाली.

याला समांतर दुसरी नोंद चर्चची. कंपनीच्या धर्मगुरूंनी केलेले बाप्तिस्मे, लावलेली लग्ने आणि केलेले दफनविधी यांच्या प्रती इलाख्याच्या राजधानीत आणि तेथून लंडनला पाठवल्या जात. लंडनमध्ये जतन झालेल्या या प्रती मद्रास इलाख्यासाठी १६९८ पासून, मुंबईसाठी १७०९ पासून आणि बंगालसाठी १७१३ पासून थेट १९४८ पर्यंतच्या आहेत. जगातल्या फार थोड्या समाजांना आपल्या पूर्वजांची इतकी सलग कागदी साखळी लाभली असेल.

पूर्वजांचा शोध घेणाऱ्याला पहिला अडथळा येतो तो येथेच. ‘पणजोबा गोऱ्या फौजेत होते’ एवढ्या आठवणीवर काम भागत नाही. भारतात एकाच वेळी दोन गोऱ्या फौजा वावरत होत्या. एक कंपनीची स्वतःची आणि दुसरी ब्रिटिश राजाची, जिच्या पलटणी काही वर्षांसाठी भारतात येत आणि परत जात. पहिलीची दप्तरे लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतील इंडिया ऑफिस संग्रहात आहेत, तर दुसरीची क्यू येथील ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात. १८५७ च्या उठावानंतर कंपनीची सत्ता संपली आणि तिच्या गोऱ्या पलटणी राणीच्या सैन्यात विलीन झाल्या. त्यामुळे एकाच माणसाची अर्धी नोकरी एका इमारतीत आणि अर्धी दुसऱ्या इमारतीत सापडू शकते. मुंबईत उभी राहिलेली गोरी पलटण पुढे ‘रॉयल बॉम्बे फ्युजिलिअर्स’ झाली आणि १८८१ मध्ये ‘रॉयल डब्लिन फ्युजिलिअर्स’मध्ये सामावली गेली. पलटणीचे नाव बदलले हे ठाऊक नसेल, तर शोध तेथेच खुंटतो.

‘अनाथ’ कोणाला म्हणावे?

या दोन साखळ्यांना जोडणारा दुवा म्हणजे लष्करी अनाथालय. बंगालमध्ये १७८०च्या दशकाच्या आरंभी ‘मिलिटरी ऑर्फन सोसायटी’ स्थापन झाली. तिच्यासाठी पुढाकार घेणाऱ्यांत विल्यम कर्कपॅट्रिक हा अधिकारी होता. अधिकाऱ्यांच्या पगारातून ठरावीक रक्कम कापून हा निधी उभा राहिला. अधिकाऱ्यांच्या मुलांसाठी वरची शाळा आणि साध्या सैनिकांच्या मुलांसाठी खालची शाळा, अशी वडिलांच्या हुद्द्यानुसार विभागणी होती. मद्रासमध्ये १७८७ मध्ये मुलींचे आणि १७८९ मध्ये मुलांचे असायलम सुरू झाले. मुंबईत तर १७१८च्या सुमारास सेंट थॉमस चर्चबरोबर सुरू झालेली धर्मादाय शाळा होतीच. १८१५ मध्ये आर्चडीकन जॉर्ज बार्न्स यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या बॉम्बे एज्युकेशन सोसायटीने ती ताब्यात घेतली. तिच्या शाळा १८२५ मध्ये भायखळ्यात आल्या आणि शंभर वर्षांनी, १९२५ मध्ये, देवळालीला बार्न्स स्कूल उभे राहिले. आज ‘बॉम्बे स्कॉटिश’ या नावाने प्रतिष्ठा पावलेली माहीमची शाळाही १८४७ मध्ये स्कॉटिश मुलींचे अनाथालय म्हणून जन्माला आली, हे तिच्या प्रवेशासाठी रांगा लावणाऱ्या किती पालकांना ठाऊक असेल? त्याच वर्षी हेन्री लॉरेन्स यांनी सिमल्याजवळ सनावर येथे गोऱ्या सैनिकांच्या मुलांसाठी असायलम काढले. पुढे अबू, लव्हडेल आणि मरी येथेही त्याच नावाच्या संस्था उभ्या राहिल्या.

या संस्थांच्या संदर्भात ‘अनाथ’ हा शब्द मात्र जपून वाचायला हवा. मराठीत अनाथ म्हणजे ज्याला कोणी नाही तो. लष्करी अनाथालयांतील अनेक मुलांची आई जिवंत होती, काहींचे वडीलही जिवंत होते. बाप मेला असेल, पलटण दुसरीकडे हलली असेल वा बाप इंग्लंडला परतून तेथे नव्याने संसार थाटून बसला असेल, तर मूल ‘अनाथ’ ठरे. आई भारतीय असेल, तर ती असून नसल्यासारखीच मानली जाई. किंबहुना, मुलाला तिच्या भाषेपासून, धर्मापासून आणि बाजारवस्तीतल्या घरापासून दूर नेणे, हा या संस्थांच्या कार्याचाच एक भाग होता. अनाथालयाच्या नोंदवहीत बापाची पलटण आणि हुद्दा असे. निधीवर मुलाचा हक्क त्यावरूनच ठरे. आईच्या नावावर काहीच ठरत नव्हते. ज्या नावावर पैसा ठरत नाही, ते नाव कारकून कशाला लिहील?

बंद दारे, उघड्या वाटा

या मुलांच्या वाट्याला पुढे काय आले, हे समजून घेतले, की दप्तरांतील पुढचे दुवे कोठे शोधायचे हे कळते. १७८६ मध्ये बंगालमधील अनाथालयातील भारतीय मातांच्या मुलांना पुढील शिक्षणासाठी इंग्लंडला पाठवण्यास बंदी झाली. १७९१ मध्ये भारतीय आई वा बाप असलेल्यांना कंपनीच्या सनदी, लष्करी आणि आरमारी सेवेची दारे बंद झाली. १७९५ मध्ये त्यांना सैन्यात केवळ ढोल-बासरी वाजवणारे, बँडवाले आणि घोड्यांना नाल ठोकणारे म्हणूनच घ्यावे, असे ठरले. ज्या फौजेने या मुलांना जन्म दिला, तिनेच त्यांना उंबऱ्याबाहेर उभे केले.

जेम्स स्किनर हे याचे ठळक उदाहरण. बाप स्कॉटिश अधिकारी, आई रजपूत. कोलकात्यात छापखान्यात उमेदवारीला लावलेला हा मुलगा तेथून पळाला. कंपनीच्या सैन्यात जागा नव्हती, म्हणून तो शिंद्यांच्या कवायती फौजेत दाखल झाला. सेनानी द बॉयनने महादजी शिंद्यांसाठी घडवलेली हीच ती फौज. १८०३ मध्ये इंग्रज-मराठा युद्ध पेटल्यावर तो इंग्रजांकडे गेला आणि त्याच्या घोडदळाला पुढे त्याचेच नाव लाभले. अशा माणसाच्या तारुण्याचा माग केवळ लंडनच्या कागदांत लागणार नाही. त्यासाठी मराठेशाहीच्या बाजूची साधनेही पाहावी लागतात.

दुसरी वाट निघाली ती मोजणीची. १७९४ मध्ये मद्रासला मायकेल टॉपिंग यांनी भूमापनाची शाळा काढली, तेव्हा पहिले विद्यार्थी मुलांच्या अनाथालयातून घेतले. कमी पगारात, उन्हातान्हात, वर्षानुवर्षे काम करणारे प्रशिक्षित हात कंपनीला हवे होते. विल्यम लॅम्बटन यांनी १८०२ मध्ये भारताची त्रिकोणमितीय मोजणी आरंभली, तेव्हा त्यांचा एक महत्त्वाचा सहायक जोशुआ द पेनिंग हा याच अनाथालयातून आलेला होता. लॅम्बटन स्वतः २० जानेवारी १८२३ रोजी वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे मरण पावले आणि त्यांचे दफनही तेथेच झाले. कन्याकुमारीपासून मध्य भारतापर्यंत ज्या रेषेने भारताचा नकाशा आखला, तिच्यावर अनाथालयातल्या मुलांचे पाय झिजले आहेत. साहजिकच ज्यांचे पूर्वज मद्रासच्या अनाथालयात होते, त्यांना पुढचा दुवा अनेकदा लष्कराच्या नव्हे, तर मोजणी खात्याच्या कागदांत सापडतो. पुढील काळात रेल्वे, तारखाते, जकात आणि बंदर खात्यांची दप्तरे तेच काम करतात.

मुलींची वाट वेगळी होती. कोलकात्याच्या खिदिरपूर येथील वरच्या शाळेत नृत्याचे कार्यक्रम होत आणि वधू शोधणारे अधिकारी तेथे येत. खालच्या शाळेतील मुली सार्जंट आणि शिपायांच्या घरात जात. त्यामुळे मुलगी अनाथालयाच्या वहीतून नाहीशी झाली, की तिला छावणीच्या विवाहनोंदीत शोधावे लागते. ती तेथे नवऱ्याच्या आडनावासह पुन्हा प्रकट होते. त्या वहीतही वधू-वरांच्या वडिलांचीच नावे लिहिण्याची प्रथा होती. म्हणजे मुलीच्या बाबतीत आईचे नाव पुसण्याची क्रिया दोनदा घडते, आधी अनाथालयात आणि मग चर्चमध्ये.

आईचा रकाना

आईचा रकाना अगदीच कोरा असतो असेही नाही. त्यात ‘एक नेटिव्ह स्त्री’ असे लिहिलेले सापडते. कधी ‘मेरी’ वा ‘एलिझाबेथ’ असे बाप्तिस्म्याच्या वेळी दिलेले, आडनावाविना एकटे उभे असलेले नाव असते. त्या नावामागे लक्ष्मी होती, की फातिमा, की एखादी तमिळ वा कोकणी स्त्री, हे कळायला मार्ग उरत नाही. इतिहासकार दुर्बा घोष यांनी वसाहतकालीन कुटुंबांवरील २००६ मधील आपल्या ग्रंथात हे नावाविनाचे अस्तित्व हाच अभ्यासाचा विषय केला. नाव न लिहिणे ही हलगर्जी नव्हती. कोणते नाते मान्य करायचे आणि कोणते नाही, याविषयीची ती राज्यसंस्थेची भूमिका होती, असा त्यांच्या मांडणीचा रोख आहे.

मृत्युपत्रांमध्ये मात्र या स्त्रिया क्षणभर दिसतात. विल्यम डॅलरिंपल यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘व्हाइट मुघल्स’ या ग्रंथात बंगालमधील मृत्युपत्रांचा दाखला दिला आहे. त्यांच्या मते १७८० ते १७८५ या काळातील दर तीन मृत्युपत्रांपैकी एकात भारतीय स्त्री-साथीदारासाठी वा तिच्या मुलांसाठी तरतूद आढळते. १८३० पर्यंत हे प्रमाण सहात एक इतके घसरले आणि शतकाच्या मध्यावर असे उल्लेख जवळजवळ नाहीसे झाले. नाती संपली नव्हती, ती लिहिण्याची हिंमत संपली होती. डॅलरिंपल यांना हा ग्रंथ लिहिताना आपल्याच घराण्यात चंद्रनगरची एक बंगाली पूर्वज स्त्री असल्याचे आढळले.

त्याच ग्रंथाचा नायक जेम्स ऍकिलिस कर्कपॅट्रिक हा हैदराबादचा रेसिडेंट. बंगालच्या अनाथ निधीसाठी पुढाकार घेणाऱ्या विल्यम कर्कपॅट्रिकचा तो सावत्र भाऊ. त्याने खैरुन्निसा या उच्चकुलीन तरुणीशी विवाह केला. त्यांच्या साहिब आलम आणि साहिब बेगम या दोन मुलांना १८०५ मध्ये इंग्लंडला पाठवण्यात आले. तेथे त्यांचा बाप्तिस्मा होऊन ती विल्यम आणि कॅथरीन झाली. जेम्स त्याच वर्षी मरण पावला. खैरुन्निसाला मुले पुन्हा कधीच दिसली नाहीत. पुढे मोठ्या झालेल्या मुलीचा आपल्या हैदराबादच्या आजीशी पत्रव्यवहार जुळला, म्हणून ही कथा पूर्ण सांगता तरी आली. अनाथालयातल्या सामान्य मुलांच्या आज्या लिहू शकत नव्हत्या.

हा प्रकार अठराव्या-एकोणिसाव्या शतकापुरता मर्यादित राहिला असेही नाही. जॉन अँडरसन ग्रॅहॅम यांनी १९०० मध्ये कालिम्पाँगला काढलेल्या वसतिगृहांत चहामळ्यांच्या ब्रिटिश मालक-व्यवस्थापकांची आणि मळ्यांवरील स्थानिक स्त्रियांची मुले ठेवली जात. त्यांपैकी सुमारे १३० जणांना १९०८ ते १९३८ या काळात न्यूझीलंडला नेऊन वसवण्यात आले. यांतील एका मुलीची नात असलेल्या इतिहासकार जेन मॅकेब यांनी संस्थेत जपलेल्या मुलांच्या वैयक्तिक फायली वाचून हा इतिहास २०१७ मध्ये ग्रंथरूपाने मांडला. तोवर अनेक कुटुंबांत या विषयावर दोन पिढ्या मौन पाळले गेले होते. फायली जपल्या गेल्या आणि वंशजांना त्या पाहता आल्या, म्हणूनच हे मौन सुटू शकले.

शब्दांचे सापळे

दप्तर हाती आले, तरी त्यातले शब्द आजच्या अर्थाने वाचले, तर फसगत होते. ‘अँग्लो-इंडियन’ हा शब्द एकोणिसाव्या शतकात भारतात राहणाऱ्या इंग्रजाला लावला जाई. मिश्र वंशाच्या लोकांसाठी त्याचा अधिकृत वापर १९११ च्या जनगणनेपासून रूढ झाला. त्याआधी ‘युरेशियन’, ‘इंडो-ब्रिटन’, ‘कंट्री बॉर्न’ असे शब्द येतात. मुंबईकरांसाठी मोठा सापळा आहे तो ‘ईस्ट इंडियन’ या शब्दाचा. १८३० मध्ये जॉन रिकेट्स यांनी ब्रिटिश पार्लमेंटपुढे ‘ईस्ट इंडियनां’चा अर्ज नेला, तो मिश्र वंशीयांच्या वतीने. याउलट वसई-साष्टी-मुंबईतील मराठी बोलणाऱ्या कॅथलिक समाजाने १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, हेच नाव धारण केले. शब्द एकच, पण समाज पूर्णपणे भिन्न. १८३५ च्या नोंदीतील ‘ईस्ट इंडियन’ पाहून वांद्र्याच्या गावठाणात नातेवाईक शोधायला निघणारा माणूस चुकीच्या दारावर थाप मारतो.

कायद्यानेही तोच रकाना उचलला

हा सारा खटाटोप केवळ कुतूहलाचा असता, तर त्याची दखल घेण्याचे कारण नव्हते. परंतु पूर्वजाची एक नोंद माणसाचे नागरिकत्व ठरवू शकते. १९४८ च्या ब्रिटिश नागरिकत्व कायद्यानुसार ब्रिटनमध्ये जन्मलेल्या पुरुषाचा पुरुषपरंपरेतील वंशज असल्याचे सिद्ध करणाऱ्याला काही अटींवर ब्रिटिश नागरिक म्हणून नोंदणी करता येत होती. स्वातंत्र्यानंतर देश सोडू पाहणाऱ्या अनेक अँग्लो-इंडियन कुटुंबांनी आजोबा-पणजोबांच्या बाप्तिस्म्याचे आणि पलटणीचे दाखले शोधले ते यासाठी. ज्याच्या हाती कागद होता, तो गेला. ज्याचा पणजोबा हजेरीपटात सापडला नाही, त्याला त्याच रंगाचे, त्याच आडनावाचे असूनही मागे राहावे लागले.

भारताच्या राज्यघटनेनेही वेगळे काही केले नाही. अनुच्छेद ३६६(२) मधील व्याख्येनुसार ज्याचा बाप वा पुरुषपरंपरेतील कोणताही पुरुष पूर्वज युरोपीय वंशाचा आहे आणि जो भारतात वसलेला व भारतात जन्मलेला आहे, तो अँग्लो-इंडियन. ही व्याख्या १९३५ च्या कायद्यातून जवळजवळ जशीच्या तशी आली. म्हणजे कंपनीच्या कारकुनाने जो रकाना महत्त्वाचा मानला, तोच स्वतंत्र भारताच्या घटनेतही महत्त्वाचा ठरला. आई युरोपीय आणि बाप भारतीय असलेले मूल या व्याख्येत बसत नाही.

याच समाजाच्या लोकसभेतील आणि विधानसभांतील नामनियुक्त जागांची मुदत १०४ व्या घटनादुरुस्तीने वाढवली नाही आणि २५ जानेवारी २०२० पासून त्या संपुष्टात आल्या. डिसेंबर २०१९ मध्ये त्यावरील चर्चेत सरकारने २०११ च्या जनगणनेचा आधार देत देशात केवळ २९६ अँग्लो-इंडियन असल्याचे सांगितले. समाजाच्या प्रतिनिधींनी आणि काही खासदारांनी हा आकडा साफ नाकारला. ज्या समाजाचा जन्मच नोंदवहीत झाला, त्याचे भवितव्यही एका नोंदीच्या आकड्याने ठरावे, हा योगायोग विलक्षण आहे.

महाराष्ट्राला हे परके वाटू नये. २०२३ मध्ये मराठवाड्यातील कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि निजामकालीन दप्तरे, मोडी कागद, शाळांच्या जुन्या नोंदवह्या चाळल्या जाऊ लागल्या. पणजोबांच्या नावापुढचा एक शब्द पणतूच्या प्रवेशाचा आणि नोकरीचा प्रश्न सोडवू शकतो, याचा अनुभव गावोगावी येत आहे. जातीच्या दाखल्यासाठीही प्राधान्याने पुरावा मागितला जातो तो वडिलांकडच्या नातेवाइकांचा.

दप्तरे कोणाची?

आजची परिस्थिती अशी, की लंडनमधील चर्चच्या नोंदी २०१४ पासून एका खासगी कंपनीच्या संकेतस्थळावर शुल्क भरून पाहता येतात. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या ‘फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटी’च्या स्वयंसेवकांनी लाखो नोंदींची सूची विनामूल्य उपलब्ध करून दिली आहे. १९७६ पासून कार्यरत असलेली एक ब्रिटिश संस्था भारतीय उपखंडातील युरोपीय दफनभूमींतील शिलालेख नोंदवते आहे. परंतु ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला आणि तिची सूची व डिजिटल संग्रह महिनोन् महिने बंद पडले. एका देशाच्या आठवणी दुसऱ्या देशातील एकाच इमारतीवर विसंबून ठेवण्यातला धोका त्या वेळी स्पष्ट झाला.

भारतातील चित्र अधिक विखुरलेले आहे. मुंबईत १८२१ पासून चालत आलेले राज्याचे अभिलेखागार आहे, पुण्यात पेशवे दप्तर आहे, चेन्नई आणि कोलकात्यात त्या त्या इलाख्याची दप्तरे आहेत. पण मूळ बाप्तिस्मा-वह्या चर्चमध्ये आणि अनाथालयांच्या वह्या त्यांच्या वारस असलेल्या शाळांत आहेत. १९९३ चा सार्वजनिक अभिलेख कायदा केंद्र सरकारच्या आणि त्याच्या अखत्यारीतील संस्थांच्या कागदांना लागू होतो. खासगी शाळा आणि चर्च त्याच्या कक्षेत येत नाहीत. तेथील वह्या टिकणे हे सर्वस्वी त्या त्या मुख्याध्यापकाच्या वा धर्मगुरूच्या आस्थेवर आणि पावसाळ्याच्या मर्जीवर अवलंबून राहते. लंडनला गेली ती प्रत होती, मूळ वही येथे आहे. प्रतीत जे गाळले गेले ते मूळ वहीच्या समासात, चिठ्ठीत वा मुलाच्या फायलीतील पत्रात सापडण्याची शक्यता असते. आईचे नाव सापडलेच, तर ते येथेच सापडेल.

हा प्रश्न केवळ मिश्र वंशीयांचाही नाही. गोऱ्या सैनिकाच्या नोंदी जपल्या गेल्या, त्याच्याच शेजारी लढलेल्या देशी शिपायाच्या मात्र फार थोड्या सहज उपलब्ध आहेत. लाहोरच्या संग्रहालयात पडून राहिलेल्या, पंजाबातील पहिल्या महायुद्धाच्या सुमारे ३ लाख २० हजार सैनिकांच्या नोंदवह्या २०२१ मध्ये डिजिटल रूपात खुल्या होऊ लागल्या, तेव्हा ब्रिटनमधील पंजाबी कुटुंबांना पणजोबा गवसू लागले. त्याच वर्षी राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या समितीने कबूल केले, की पहिल्या महायुद्धातील ४५ ते ५४ हजार मृतांचे स्मरण गोऱ्या सैनिकांच्या बरोबरीने केले गेले नाही. त्यांत भारतीयांचाही समावेश होता. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावातून पहिल्या महायुद्धात गेलेले ४६ जण कामी आले. सातारा-रत्नागिरीतल्या अनेक गावांत ‘या गावातून इतके पुरुष महायुद्धास गेले, पैकी इतके प्राणास मुकले’ अशा संगमरवरी पाट्या आहेत. त्यांवर आकडा आहे, नावे नाहीत. अनाथालयाच्या वहीतली ‘एक नेटिव्ह स्त्री’ आणि पाटीवरचा तो आकडा, ही एकाच लेखणीची दोन अक्षरे आहेत.

उपाय अवघड नाहीत. देवळाली, भायखळा, पुणे, लव्हडेल, सनावर येथील शाळांनी आणि बिशपांच्या कार्यालयांनी आपल्या जुन्या वह्यांची छायाप्रत काढू द्यावी आणि राज्याच्या अभिलेखागाराने ती जतन करून वंशजांना विनामूल्य दाखवावी, इतके झाले तरी पुष्कळ होईल. मोडी आणि निजामकालीन नोंदींसाठी गेल्या काही वर्षांत जी माणसे तयार झाली, त्यांचा अनुभव येथेही कामी येऊ शकतो. जनुकीय चाचणी प्रदेश सांगते, गट सांगते. नाव ती सांगू शकत नाही, आणि तिच्या निष्कर्षांकडे सावधपणे पाहावे, असे शास्त्रज्ञही बजावतात.

पूर्वज शोधणाऱ्याला अखेर हवी असते ती नुसती वंशावळ नव्हे, आपण कोणाचे याचे उत्तर हवे असते. कंपनीच्या दप्तराने या प्रश्नाचे अर्धे उत्तर अतिशय काटेकोरपणे लिहून ठेवले आणि अर्धे लिहायचे नाही असे ठरवले. ते अर्धे उत्तर ज्या वह्यांमध्ये दडलेले असू शकते, त्या वह्या याच देशातील शाळांच्या आणि चर्चच्या कपाटांत आहेत. त्यांना वाळवी लागण्याआधी त्या उघडल्या जातात की नाही, यावर अनेक घराण्यांतील आईचा रकाना भरला जाणे अवलंबून आहे.